जवळचा आधार आणि दूरचे नाव

पदव्युत्तर वर्गांचे संशोधन प्रकल्प आणि पीएच.डी.चे प्रबंध यांविषयी प्राध्यापकांच्या खोलीत जी कुरकुर चालते तिचा सूर ठरून गेलेला आहे. विद्यार्थी उतारेच्या उतारे उचलतात, अवतरणचिन्हे घालीत नाहीत, संदर्भ देत नाहीत, ग्रंथसूची कशी करावी हे दहादा सांगूनही त्यांना उमगत नाही. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु नांदेड-लातूर परिसरात पंधरा-सोळा वर्षे मराठीचे अध्यापन करताना जे लेखन माझ्या हाताखालून गेले त्यावरून माझे मत असे बनले आहे की, आमच्या विद्यार्थ्याचा खरा दोष संदर्भ न देण्याचा नाही. खोटे संदर्भ देण्याचा आहे. आणि हा दोष त्याने स्वतः शोधून काढलेला नाही. तो आपण, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांनी आणि समीक्षकांनी, त्याला शिकविलेला आहे.

कोणताही सर्वसाधारण प्रकल्प उघडावा. समजा, विषय एखाद्या ग्रामीण कादंबरीच्या शैलीवैज्ञानिक अभ्यासाचा आहे. पहिल्या प्रकरणात शैलीविज्ञानाची तात्त्विक बैठक मांडलेली असते. तेथे सोस्यूर येतो, याकोबसन येतो, सवडीनुसार बार्थही येतो. तळटिपांत इंग्रजी ग्रंथांची नावे, प्रकाशनस्थळे, वर्षे, पृष्ठांक सारे यथासांग असते. विद्यार्थ्याने यांतील एकही ग्रंथ हातात धरलेला नसतो. त्याने वाचलेले असते ते कोणा मराठी अभ्यासकाचे दीडदोनशे पृष्ठांचे पुस्तक. त्या अभ्यासकाने मूळ ग्रंथांशी झुंज घेतलेली असते, परिभाषा घडविलेली असते, एखाद्या अवघड संकल्पनेला मराठीत उभे करण्यासाठी दहा शब्द टाकून अकरावा निवडलेला असतो. विद्यार्थी त्याची वाक्ये घेतो, त्याची परिभाषा घेतो, त्याच्या तळटिपाही घेतो. आणि त्याचे नाव तेवढे गाळतो. ग्रंथसूचीत सोस्यूर आहे, पण ज्याच्या बोटाला धरून आपण सोस्यूरपर्यंत गेलो तो नाही. जवळचा आधार झाकावयाचा आणि दूरचे नाव मिरवावयाचे, ही आमच्या संदर्भव्यवहाराची रीत होऊन बसली आहे.

या व्यवहाराचा माग काढणे अवघड नाही. संहिताचिकित्सेचा विद्यार्थी जाणतो की, दोन पोथ्यांत समान शुद्ध पाठ आढळले तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. समान चूक आढळली तर मात्र त्यांचे नाते सिद्ध होते. हाच न्याय प्रबंधांना लावून पाहावा. एका पुस्तकात मुद्रणदोषाने एखाद्या फ्रेंच समीक्षकाच्या नावातले अक्षर चुकते, पृष्ठांकातला एक अंक उलटा पडतो. आणि तेच अक्षर, तोच अंक पुढे चार प्रबंधांत इमानेइतबारे अवतरतो. प्रत्येकाच्या तळटिपेत मात्र मूळ इंग्रजी ग्रंथाचा हवाला. पोथ्यांचा वंशवृक्ष काढावा तसा या प्रबंधांचा वंशवृक्ष काढता येईल. तो काढण्याचे धैर्य कोणी करीत नाही, कारण त्याच्या वरच्या फांद्यांवर विद्यार्थी नसतात.

या रीतीला अलीकडे एक तात्त्विक वेष्टनही मिळाले आहे. चर्चासत्रांतून ऐकू येते की लेखक मेलेला आहे, प्रत्येक संहिता ही इतर संहितांचे विणकाम असते, मौलिकता ही रोमँटिक भ्रांती आहे. मग कोणी कोणाचे घेतले याचा हिशेब कशासाठी? आंतरसंहितात्मकतेच्या संकल्पनेचा याहून स्वस्त उपयोग संभवत नाही. संहिता अनेक आवाजांनी विणलेली असते हे खरेच. म्हणूनच ते आवाज ओळखणे हे समीक्षेचे काम ठरते. गमतीची गोष्ट ही की, बार्थचा १९६७-६८ चा तो निबंध उद्धृत करताना बार्थचे नाव गाळलेला एकही प्रबंध माझ्या पाहण्यात नाही. लेखकाच्या मृत्यूची वार्ता देतानादेखील वार्ता देणाऱ्याचे नाव आम्ही जपून ठेवतो, कारण त्या नावाला बाजारात भाव आहे. मरतो तो मराठीतला लेखक. परभणीच्या किंवा उदगीरच्या एखाद्या महाविद्यालयात बसून ज्याने बार्थ समजावून सांगितला तो.

येथे राजशेखराची आठवण होणे अपरिहार्य आहे. नवव्या-दहाव्या शतकाच्या संधिकाळातील या कविशास्त्रकाराच्या ‘काव्यमीमांसे’चा उल्लेख आमच्याकडे बहुधा एका वचनासाठी होतो. कवी आणि व्यापारी यांच्यांत चोर नसलेला माणूस मिळणे कठीण, ज्याला लपविता येते तो सुखाने नांदतो, अशा आशयाचे ते वचन. उचलेगिरीचे समर्थन करणाऱ्यांना ते फार आवडते. पण राजशेखराने त्या वचनाआधी आणि नंतर काय केले हे पाहावयास हवे. त्याने ‘हरणा’चे शास्त्र रचले. शब्दहरणाला एक अध्याय दिला आणि अर्थहरणाला स्वतंत्र दोन. पूर्वीच्या कवीचा अर्थ तसाच ठेवून केवळ वाक्यरचना बदलली तर ते प्रतिबिंबकल्प. थोडे संस्कार करून वस्तू वेगळी भासविली तर ते आलेख्यप्रख्य. विषय निराळा असूनही अतिसाम्यामुळे अभेद वाटला तर ते तुल्यदेहितुल्य. मूळ एक पण बांधणी सर्वस्वी वेगळी असली तर ते परपुरप्रवेशसदृश. यांतले पहिले तीन प्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात आधीच सांगितले होते, आणि पहिले दोन त्याज्य ठरवून तिसऱ्याला मुभा दिली होती. म्हणजे घेणे आणि चोरणे यांतील सीमारेषा कोठे आखावी हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वी हाती घेतला होता, आणि तो शब्दांच्या मोजणीवर सोडून दिला नव्हता.

त्याच ग्रंथातील आणखी एक जागा तर आजच अभ्यासकांच्या बैठकीत बसून लिहावी इतकी ताजी आहे. आचार्यांचे मत राजशेखर आधी देतो: हरण शिकवूच नये, कारण माणसाच्या इतर चोऱ्या काळ लोटला की विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही. मग तो अवंतिसुंदरीचे मत देतो. हरण करणारा स्वतःचे समाधान कसे करून घेतो याची ती यादी आहे. हा अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे; याला प्रतिष्ठा नाही, मला आहे; याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे; हे जाणणारे आता उरलेले नाहीत; याचा कर्ता दूरदेशी आहे; याचा मूळ ग्रंथ आता मिळत नाही. मराठी प्रबंधलेखनात जवळचा आधार का गाळला जातो याचे याहून नेमके निदान मला ठाऊक नाही. ज्याचे नाव गाळले जाते तो नेहमी अप्रसिद्ध असतो, त्याचे पुस्तक तालुक्याच्या गावी छापलेले असते, त्याची आवृत्ती संपलेली असते. आणि हे मत ज्या अवंतिसुंदरीचे, ती राजशेखराची पत्नी. घरातल्या माणसाकडून ऐकलेले मतही तो नाव घेऊन नोंदवितो. मतभेद असो वा मतैक्य, बोलणाऱ्याचे नाव सांगावयाचे हा शास्त्राचा शिष्टाचार त्याने घराच्या उंबऱ्याआतही पाळला. (आमच्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात पत्नीचे आभार ‘वेळोवेळी चहा करून दिल्याबद्दल’ मानलेले असतात, मुद्रितशोधनापासून मुलाखतींच्या लेखनापर्यंत तिने काय काय केले हे त्यात नसते.)

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांकडे पाहू. त्यांनी साम्याची टक्केवारी ठरवून दिली. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन द्यावे. चाळीस ते साठ टक्क्यांना सुधारित लेखन सादर करण्यास एक वर्ष बंदी. साठच्या वर नोंदणी रद्द. हेतूविषयी वाद नाही. पण यंत्र मोजते ते शब्दसाम्य. राजशेखराच्या भाषेत बोलावयाचे तर त्याला शब्दहरण दिसते, अर्थहरण दिसत नाही. शिवाय यंत्राला दिसते ते संगणकावर असलेलेच. मराठीतील कितीतरी समीक्षाग्रंथ, नियतकालिकांचे जुने अंक, गौरवग्रंथ, चर्चासत्रांच्या स्मरणिका अजून कागदावरच आहेत. तेथून अख्खे प्रकरण उचलले तरी अहवाल स्वच्छ येतो. इंग्रजी वा हिंदी ग्रंथाचे ओळीगणिक भाषांतर केले तरी तो बहुधा स्वच्छच येतो. उलट ज्याने प्रामाणिकपणे उतारा दिला, त्याला अहवालातील लाल रेघांचे भय. अवतरणे आणि ग्रंथसूची मोजणीतून वगळावी असे विनियमांतच म्हटले आहे. पण टक्का खाली आणण्याच्या घाईत विद्यार्थ्याला सल्ला मिळतो तो ‘शब्द बदला’ हाच. ‘निर्मिती’च्या जागी ‘सर्जन’ घाला, कर्तरी वाक्य कर्मणी करा, दोन वाक्यांचे एक करा. अर्थ तोच, वाक्यरचना निराळी: हा तर प्रतिबिंबकल्प! आनंदवर्धनाने जो सर्वांत हीन मानून त्याज्य ठरविला, तोच प्रकार आपण संशोधनाचे कौशल्य म्हणून शिकवीत आहोत. साहित्याच्या अभ्यासात तर याहून घातक दुसरे काही नाही. रसायनशास्त्राच्या प्रबंधात प्रयोगाचे वर्णन दुसऱ्या शब्दांत केल्याने निष्कर्ष बदलत नाही. समीक्षकाने हेतुतः निवडलेला शब्द बदलला की त्याचा विचारच बदलतो.

त्याच विनियमांत चौदा सलग शब्दांपर्यंतचे सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे शब्द सोडून द्यावेत अशी तरतूद आहे. ही संख्या इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे ठेवून आलेली दिसते. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. इंग्रजीच्या चौदा शब्दांत जे मावते त्यापेक्षा मराठीच्या चौदांत पुष्कळच अधिक मावते. ज्ञानेश्वरीची एक संपूर्ण ओवी कित्येकदा चौदा शब्दांत पुरी होते. ज्या भाषेत एक सबंध काव्यखंड ‘योगायोगा’च्या सवलतीत बसू शकतो, त्या भाषेच्या अभ्यासकांनी या तरतुदीवर एखादी चर्चा तरी घडवून आणावयास हवी होती.

यंत्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. संगणकाला प्रश्न विचारून प्रकरणे लिहून घेण्याची जी नवी सोय झाली आहे ती कधीच न छापलेल्या पुस्तकांचे संदर्भ बेलाशक तयार करून देते. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, पुस्तक मात्र अस्तित्वात नाही. यावर मोठा हाहाकार चालला आहे. मला त्यात नवे फारसे दिसत नाही. न पाहिलेल्या पुस्तकाचा हवाला देण्याची रीत आम्ही आधीच रूढ केली होती. यंत्राने न छापलेल्या पुस्तकाचा दिला, एवढेच.

या रोगाचे एक मूळ आमच्या भागात विशेष खोल गेलेले आहे. लातूर हे नाव महाराष्ट्रभर ज्या ‘पॅटर्न’मुळे गाजले, तो बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा, त्यात गुरुजनांची मेहनत आहे, विद्यार्थ्यांची तर आहेच, आणि गरिबांच्या घरांत त्याने डॉक्टर-इंजिनिअर घडविले हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेने ‘नोट्स’ नावाचा जो वाङ्मयप्रकार सर्वत्र रुजविला त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावयास हवा. नोट्सला लेखक नसतो. कोणाच्या तरी नोट्स कोणाकडून तरी येतात, झेरॉक्सच्या दुकानात त्यांचा गठ्ठा तयार असतो, आणि त्यातील वाक्य हे कोणाचे तरी मत आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. ते ‘उत्तर’ असते. असा विद्यार्थी एम.ए.ला येतो तेव्हा मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र हेही त्याला उत्तर वाटते. ‘काही समीक्षकांच्या मते’, ‘असे म्हटले जाते’, ‘विद्वानांनी मान्य केले आहे’ ही त्याची आवडती वाक्ये असतात. संस्कृत टीकाकारांचे ‘केचित्’ आणि ‘अपरे’ निदान श्रोत्यांना ओळखीचे होते. आमचे ‘काही समीक्षक’ कोण, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसते.

नोट्स या प्रकाराचा मला तिटकारा आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या सोस्यूरच्या नावाने आमचे पहिले प्रकरण सुरू होते, त्याचा ग्रंथ तरी दुसरे काय आहे? सोस्यूर १९१३ मध्ये वारला. त्याच्या जिनिव्हा येथील व्याख्यानांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या टिपणवह्या जमवून बाली आणि सेशे यांनी १९१६ मध्ये ते पुस्तक सिद्ध केले. आणि कोणकोणत्या विद्यार्थ्यांच्या वह्या आपण वापरल्या ते प्रस्तावनेत नावांनिशी सांगितले. विसाव्या शतकातील भाषाविचाराला वळण देणारा ग्रंथ म्हणजे नोट्सच, फरक एवढाच की कोणाच्या ते नोंदलेले आहे. म्हणून पुढे संशोधकांना त्या वह्यांकडे परत जाता आले, संपादकांनी कोठे काय जुळविले हे तपासता आले. संदर्भ हा परतीचा रस्ता असतो. आमच्या नोट्सवरून परत कोठे जाणार?

‘आपली परंपराच मौखिक आणि अनामिक, तिला हे पाश्चात्त्य नियम कशाला’ हा दुसरा एक युक्तिवाद मोठ्या अभिमानाने केला जातो. तो ज्ञानाच्या अभावातून येतो. मराठीच्या आद्य गद्यग्रंथाकडेच पाहावे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी ते प्रसंग पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, विचारून, पडताळून. परंपरा सांगते की मूळ प्रत धाडीच्या गदारोळात नष्ट झाली आणि ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला. ज्यांच्या स्मरणातून तो उभा राहिला त्यांच्या नावांनी पाठ ओळखले गेले. त्यात हिराइसा या स्त्रीचा पाठ आहे. एका बाईने काय आठवून सांगितले आणि दुसऱ्याच्या स्मरणात तीच लीळा कशी वेगळी होती, हे महानुभावांनी नोंदवून ठेवले, कारण त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न होता. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तिच्यात स्वतःच्या ओव्या घुसडणाऱ्यांना सुनावले. तुकारामांच्या गाथेत सालोमालोवर अभंगांचा एक गटच आहे. तुकोबांचे अभंग आपली नाममुद्रा लावून म्हणणाऱ्या त्या गृहस्थाची त्यांनी घेतलेली हजेरी वाचली की, नाममुद्रेला जो अर्थ होता तो लक्षात येतो. इतिहाससंशोधनात तर राजवाड्यांनी १८९८ पासून ‘साधनां’चे खंड काढून कागद दाखविल्याशिवाय बोलू नये ही शिस्त घातली, निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली ती याच शिस्तीतून. शिस्त परकी नाही. ती आमच्या साहित्यसमीक्षेने तेवढी घरात घेतली नाही.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांची खरी परीक्षा लोकसाहित्याच्या प्रबंधांत होते, आणि तेथे ते सपशेल अनुत्तीर्ण ठरतात. मराठवाड्यात जात्यावरच्या ओव्या, भुलईची गाणी, लग्नातली गाणी, म्हणी, उखाणे यांवरचे काम विपुल आहे. विद्यार्थी आपल्या गावात, आपल्या मावशीच्या, आजीच्या, शेजारणीच्या तोंडून ओव्या टिपून घेतो. हे त्याचे सर्वांत अस्सल संशोधन. यात तो कोणाचा मिंधा नाही. आणि नेमक्या याच भागात तळटिपा नसतात! पहिल्या प्रकरणात लोकसाहित्याची व्याख्या देणाऱ्या चार युरोपीय पंडितांची नावे पृष्ठांकांसह येतात; चौथ्या प्रकरणात दोनशे ओव्या येतात त्या ‘ग्रामीण स्त्रियांकडून संकलित’. कोणत्या स्त्रिया? कोणते गाव? वय काय, जात कोणती, माहेर कोठले, ओवी कोणाकडून शिकली, कोणत्या दिवशी आणि काय काम करताना म्हटली? मुखेड तालुक्यातली ओवी आणि औसा तालुक्यातली ओवी यांत जो शब्दभेद आहे तो बाईच्या माहेराचा की सासरचा, हे आता कोण सांगणार? हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, त्यात ओवी गाणारीच्या नावासह आणि गावासह नोंदली आहे. म्हणजे हे अशक्य नाही. म्हाइंभटाला तेराव्या शतकात जे सुचले, ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करता येणाऱ्या काळात आम्हांला सुचत नाही, कारण लोकसाहित्य ‘अनामिक’ असते हे आम्ही पुस्तकात वाचलेले असते. ओवीचा पहिला कर्ता अनामिक असेल. ती गाणारी बाई अनामिक नसते. तिला आपण तसे करतो.

काही सहृदय सहकारी म्हणतात, आमची पोरे पहिल्या पिढीची, कंधार-किनवट-अहमदपूरकडून एसटीने येणारी. त्यांच्याकडून मूळ ग्रंथांची आणि काटेकोर तळटिपांची अपेक्षा करणे हा शहरी माज आहे. या सहृदयतेत मला विद्यार्थ्याविषयीचा अनादर दिसतो. मूळ ग्रंथ वाचलाच पाहिजे असे मी म्हणतच नाही. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याआधी साध्या संदर्भग्रंथासाठीही औरंगाबादची वाट धरावी लागे. आज ‘शोधगंगे’वर प्रबंध आणि संकेतस्थळावर मराठी विश्वकोश घरबसल्या मिळतो. तरीही सोस्यूरचा ग्रंथ लोह्याच्या मुलाला सहज मिळेल आणि मिळालाच तर उलगडेल, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्याने सोस्यूर ज्या मराठी पुस्तकातून घेतला त्याचे नाव लिहावे. ‘अमुक यांच्या अमुक पुस्तकात उद्धृत’ ही तळटीप कमीपणाची नाही. ती कमीपणाची वाटते, कारण परीक्षक ती पाहून नाक मुरडतात. ‘मूळ संदर्भ का दिला नाही?’ असे विचारतात, आणि विद्यार्थी पुढच्या वेळी निमूटपणे मूळ संदर्भ ‘देतो’. खोटेपणा तेथे जन्मतो. विश्वकोशातील नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथ असतात. तरी विद्यार्थी विश्वकोशाचे नाव लिहीत नाही, कारण ‘कोशातून घेतले’ म्हणणे त्याला हलके वाटते. हे त्याला कोणी शिकविले?

नांदेडात हा विषय काढला की नरहर कुरुंदकरांचे नाव हमखास पुढे येते. कुरुंदकरांनी कोठे तळटिपा दिल्या, असे विचारले जाते. या प्रश्नात भक्ती आहे, वाचन नाही. कुरुंदकरांचे पुष्कळसे लेखन व्याख्यानांतून, प्रस्तावनांतून, पत्रांतून आलेले आहे; १९८२ मध्ये ते अकाली गेल्यानंतर तर त्यांच्या भाषणांचीच पुस्तके झाली. पृष्ठाच्या तळाशी अंक नसतील. पण ज्याचे मत खोडावयाचे त्याला ते नावाने हाक मारतात, त्याची बाजू त्याच्याहून नीट मांडतात आणि मग वाद सुरू करतात. वाचकाला कोणत्याही क्षणी ठाऊक असते की, आता बोलतो आहे तो कोण. संदर्भ देण्याचा हेतू यापेक्षा निराळा काय असतो? कुरुंदकरांची तळटीप त्यांच्या वाक्यात असे. त्यांच्याकडून केवळ तळटिपेचा अभाव तेवढा उचलणे हीदेखील एक उचलेगिरीच.

संदर्भपद्धतीचे तांत्रिक अंग मी जाणूनबुजून मागे ठेवले आहे, कारण आमच्या कार्यशाळांत दुसरे काहीच शिकवीत नाहीत. आडनाव आधी की नाव, स्वल्पविराम की पूर्णविराम, अमेरिकेतील कोणत्या संस्थेची कितवी आवृत्ती, यावर दोन दोन दिवस जातात. मराठीच्या विद्यार्थ्याला खरोखर अडते ते वेगळीकडेच. तुकारामांचा अभंग देताना तो ‘तुकाराम गाथा, अभंग क्र.’ एवढे लिहून मोकळा होतो. कोणती गाथा? १८६९ साली जिचा पहिला खंड निघाला ती पंडितांची, जोगमहाराजांची, देहूची की शासनाची? अभंगांचा क्रम सर्वत्र एक नाही. गाथा न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गाव न सांगता दिलेला घरक्रमांक. ज्ञानेश्वरीचेही तेच: राजवाडे प्रत की साखरे प्रत, यावर ओवीचा क्रमांक आणि पाठ दोन्ही अवलंबून. टोपणनावाने लिहिणारा कवी सूचीत कोणत्या अक्षराखाली घालावा, पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यांत फरक कसा करावा, हेही कोणी सांगत नाही. अमेरिकन नियमपुस्तिकेत याची उत्तरे नाहीत. ती आपणच ठरवावयाची आहेत, आणि चार विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांनी एकत्र बसून एक पंधरा पानांची पुस्तिका केली तर ती ठरतीलही. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.ला संशोधनपद्धती हा विषय आणि संशोधन प्रकल्प आणला आहे. निदान त्याच्या निमित्ताने तरी हे व्हावे.

मौखिक परीक्षेत मात्र आजपासून एक करता येईल. विद्यार्थ्यापुढे त्याची ग्रंथसूची ठेवावी आणि प्रत्येक ग्रंथाविषयी एकच प्रश्न विचारावा: हे पुस्तक तुम्ही कोठे पाहिले? नाही पाहिले, असे जो म्हणेल आणि कोणाच्या पुस्तकातून घेतले ते सांगेल, त्याचे गुण कापू नयेत. असा प्रश्न विचारला जात नाही याचे कारण उघड आहे. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही विचारला जाईल.

आणि त्या बाजूची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. विद्यार्थ्याने तीन वर्षे वाड्यावस्त्या हिंडून जमविलेल्या ओव्या, म्हणी, बोलीतील शब्द त्याच्या प्रबंधातून निघून मार्गदर्शकाच्या ग्रंथात अवतरतात. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ‘माझ्या अनेक विद्यार्थ्यांचे सहकार्य झाले’ हे एक वाक्य असते. कोठे तेही नसते. गाणाऱ्या बाईचे नाव विद्यार्थ्याने गाळले, विद्यार्थ्याचे नाव प्राध्यापकाने गाळले. प्राध्यापकाच्या ग्रंथावरून पुढचा विद्यार्थी लिहितो तेव्हा तो प्राध्यापकाचे नाव गाळून थेट युरोपीय पंडिताचा हवाला देतो. एका प्रबंधाच्या बाबतीत हे घडल्याचे मी जवळून पाहिले आहे. तक्रार करावी का, असे त्या विद्यार्थिनीने विचारले, आणि तिची नेमणूक अजून तासिका तत्त्वावर होती म्हणून तिच्या हितचिंतकांनी तिला गप्प बसविले. २०१८ चे विनियम केवळ विद्यार्थ्यांपुरते नाहीत. अध्यापकाच्या लेखनातही साम्य आढळल्यास लेखन मागे घेणे, प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले तर वार्षिक वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे मार्गदर्शनाचा अधिकार काढून घेणे, अशी तरतूद त्यांत आहे. विद्यार्थ्यांच्या किती प्रबंधांना यंत्राखालून जावे लागले हे प्रत्येक विद्यापीठाला सांगता येईल. प्राध्यापकांच्या किती ग्रंथांना जावे लागले, हेही त्यांनी त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात छापावे.